पवईने उलगडलेला कंपायलर

जीसीसी या कंपायलरच्या, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाच्या, सोर्स कोडमध्ये ‘जीसीएसई’ नावाची एक फाइल आहे. एकच हिशेब प्रोग्राममध्ये पुन्हा पुन्हा होत असेल तर तो हेरायचा आणि जादा हिशेब काढून टाकायचा, हे तिचं काम. फाइलच्या माथ्यावर, कोड सुरू होण्याआधी, ज्या ग्रंथांच्या आणि शोधनिबंधांच्या आधारे ती लिहिली गेली त्यांची यादी दिली आहे. अमेरिकेतले, फ्रान्समधले, जर्मनीतले संशोधक त्या यादीत आहेत. त्यांच्याच रांगेत डी. एम. ढमढेरे हे नाव दोनदा येतं, एकदा १९८८ च्या निबंधासाठी आणि एकदा १९९१ च्या. धनंजय ढमढेरे हे मुंबईतल्या पवईच्या आयआयटीत संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. मोबाइल फोनपासून महासंगणकापर्यंत असंख्य यंत्रांसाठी ज्या कंपायलरने कोड तयार केला, त्याच्या पोटात एका मराठी प्राध्यापकाच्या नावाची ही नोंद आहे, आणि ती कोणालाही उघडून वाचता येते.

मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास सहसा कोड लिहिणाऱ्यांच्या नावाने सांगितला जातो. कोणी सुरुवात केली, कोणी किती ओळी लिहिल्या, कोणती कंपनी मागे उभी राहिली, यावर श्रेय ठरतं. त्या मापाने महाराष्ट्राच्या वाट्याला एखाददुसरी ओळ येईल. हे मापच अपुरं आहे, असं माझं म्हणणं आहे. कंपायलर हे असं साधन आहे की त्याचा कोड सर्वांसमोर ठेवला तरी तो बहुतेकांना बंदच राहतो. तो उलगडून दाखवणं, त्यात हात कुठे घालायचा हे नवख्याला शिकवणं, हे साधन घडवण्याच्याच कामाचा भाग आहे. महाराष्ट्रात हे काम झालं, मुख्यतः पवईत, आणि ते नीट नोंदवलं गेलेलं नाही. त्यानंतरचं जे काम इथे तोकडं पडलं, तेही याच इतिहासातून स्पष्ट होतं.

मुंबईला संगणक फार लवकर आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये पूर्ण झाला. त्याच संस्थेत १९६४ मध्ये अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० दाखल झाला. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या पवईच्या आयआयटीत आधी मिन्स्क आणि पुढे ईसी-१०३० ही यंत्रं आली. या यंत्रांवर फोरट्रानसारख्या भाषांमध्ये काम करणारी पिढी तयार झाली, पण कंपायलर यंत्राबरोबर परदेशातून तयार होऊन येई. तो चालवायचा, चूक दाखवली तर आपला प्रोग्राम सुधारायचा, इतकाच संबंध. एका कंपनीचा कंपायलर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला उपयोगी नसे, आणि यंत्र बदललं की सगळं नव्याने विकत घ्यावं लागे. परकीय चलनाची टंचाई असलेल्या देशाला हे परवडणारं नव्हतं.

या परावलंबनाला एक मोठा छेद गेला तो झुरिकमध्ये. निक्लाउस विर्थ यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात पास्कल भाषेसाठी एक संच तयार केला. तो पास्कल-पी या नावाने ओळखला जातो. त्यात पास्कलमध्येच लिहिलेला कंपायलर होता, आणि तो कोणत्याही खऱ्या यंत्रासाठी कोड काढत नसे. कागदावर कल्पिलेल्या एका साध्या यंत्रासाठी तो कोड काढी. संच ज्याच्या हाती पडेल त्याने आपल्या संगणकावर त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा छोटा प्रोग्राम लिहायचा की पास्कल तिथे चालू झालं. हा संच सोर्ससकट जगभरच्या विद्यापीठांकडे पाठवला गेला. ‘मुक्त सॉफ्टवेअर’ हा शब्दप्रयोग रूढ व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या संचाच्या कर्त्यांत केशव नोरी हे भारतीय संगणकशास्त्रज्ञ होते. १९८१ मध्ये पुण्यात टाटांचं संशोधन, विकास आणि आरेखन केंद्र, म्हणजे टीआरडीडीसी, सुरू झालं आणि पुढे नोरी यांच्या कारकिर्दीचा मोठा काळ तिथे गेला. कंपायलर ही दुसऱ्याच्या हाती सोपवता येण्याजोगी, खोलून समजून घेण्याजोगी वस्तू आहे, हे ज्याने स्वतः करून पाहिलं होतं असा माणूस पुण्यात होता, याला महत्त्व आहे. प्रोग्रामचं विश्लेषण करणाऱ्या साधनांवरचं काम त्या केंद्रात पुढे दीर्घकाळ चालू राहिलं.

पुढे मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसीची पहिली आवृत्ती मार्च १९८७ मध्ये खुली केली. कोणालाही वापरता येईल, बदलता येईल, बदललेलं पुन्हा वाटता येईल, मात्र वाटताना सोर्सही द्यावा लागेल, अशी त्यामागची अट. आरंभी तो फक्त सी भाषेचा कंपायलर होता. पुढे त्यात अनेक भाषा आल्या आणि डझनावारी प्रोसेसर आले. हे शक्य झालं त्याच्या रचनेमुळे. प्रत्येक भाषेचा प्रोग्राम आधी एका मधल्या रूपात उतरवायचा, सगळ्या सुधारणा त्या मधल्या रूपावर करायच्या आणि शेवटी ज्या प्रोसेसरसाठी कोड हवा त्याच्या वर्णनाच्या आधारे त्याच्या भाषेत उतरवायचा. प्रोसेसरचं हे वर्णन वेगळ्या फाइलमध्ये असतं. नवा प्रोसेसर आला की नवं वर्णन लिहायचं, कंपायलरचा बहुतेक भाग तसाच राहतो. दहा भाषा आणि तीस प्रोसेसर असतील तर तीनशे कंपायलर लिहायची गरज उरत नाही. १९९७ मध्ये विकास मंदावल्यावर काही विकासकांनी ईजीसीएस नावाची वेगळी शाखा काढली, ती जोमाने वाढली आणि १९९९ मध्ये तीच अधिकृत जीसीसी ठरली. ज्या फाइलचा उल्लेख सुरुवातीला केला, ती या ईजीसीएसच्या काळातली.

ढमढेरे यांचं काम या मधल्या रूपावरच्या सुधारणांशी संबंधित आहे. प्रश्न असा: प्रोग्राममध्ये एखाद्या ठिकाणी दोन वाटांनी पोचता येतं. एका वाटेवर अमुक गुणाकार आधीच झालेला आहे, दुसऱ्या वाटेवर झालेला नाही. दोन्ही वाटा जिथे मिळतात तिथे तो गुणाकार पुन्हा लिहिलेला आहे. म्हणजे पहिल्या वाटेने येणाऱ्याला तो दुबार करावा लागतो. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीहून जिल्ह्याच्या कचेरीत कामासाठी जाणारा माणूस येरमाळ्यावरून गेला तर वाटेत कागदांच्या झेरॉक्स काढून घेतो, आडवाटेने गेला तर तशी सोय नाही. आणि कचेरीच्या दारात मात्र सगळ्यांनाच पुन्हा झेरॉक्स काढायला लावतात. शहाणपणाची सोय अशी की आडवाटेवरही एक दुकान काढावं आणि दारातली सक्ती उठवावी. मग कोणत्याही वाटेने जा, काम एकदाच होईल. मोरेल आणि रेनव्हाज या फ्रेंच संशोधकांनी १९७९ मध्ये हे गणिती समीकरणांनी साधण्याची पद्धत मांडली. पण त्यांच्या समीकरणांत माहिती पुढून मागे आणि मागून पुढे अशी दोन्ही दिशांनी वाहत होती, त्यामुळे ती सोडवायला जड होती, आणि नवा हिशेब प्रोग्रामच्या आधीपासून असलेल्या टप्प्यांवरच बसवता येत असल्याने काही जादा हिशेब सुटून जात. ढमढेरे यांनी १९८८ मध्ये दाखवलं की हिशेब दोन टप्प्यांना जोडणाऱ्या वाटेवरच बसवू दिला तर ही अडचण दूर होते. उदय खेडकर हे त्यांचे विद्यार्थी. दोघांनी मिळून १९९३ मध्ये दुतर्फा वाहणाऱ्या या विश्लेषणाला नेमके किती श्रम पडतात याचा सिद्धांत मांडला आणि १९९४ मध्ये त्याला अधिक व्यापक रूप दिलं.

यावर कोणी म्हणेल, संदर्भयादीत नाव आलं म्हणजे वाटा सिद्ध होत नाही. जीसीसीत अखेर वापरलेली पद्धत नूप, र्‍यूथिंग आणि स्टेफन या जर्मन संशोधकांच्या १९९२ च्या निबंधाच्या वळणाची आहे, मग पवईचं श्रेय किती? आक्षेप रास्त आहे, आणि श्रेय फुगवून सांगण्याची मला गरज वाटत नाही. जीसीसीतला तो कोड ढमढेरे यांनी लिहिलेला नाही आणि ती पद्धतही सर्वस्वी त्यांची नाही. पण त्या फाइलमध्ये नवा हिशेब वाटेवर बसवणारा भाग आजही आहे, आणि हिशेब वाटेवर बसवावा हा विचार ज्यांनी आधी मांडला त्यांच्यात ढमढेरे आहेत. शास्त्रात कल्पना अशाच पुढे जातात. एकाने अडचण दाखवायची, दुसऱ्याने मार्ग सुचवायचा, तिसऱ्याने तो सुबक करायचा आणि चौथ्याने कोडमध्ये उतरवायचा. कोड लिहिणाऱ्याने तीन आधीच्यांची नावं माथ्यावर लिहून ठेवली, हा मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या समाजाचा प्रामाणिकपणा. आपण ती वाचायची नाहीत, हे मात्र बरं नव्हे.

ढमढेरे यांचा दुसरा वाटा संदर्भयादीत येत नाही. कंपायलर आणि सिस्टिम प्रोग्रामिंगवरची त्यांची पाठ्यपुस्तकं भारतीय प्रकाशनाच्या किमतीत मिळत आणि देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत वापरली गेली. ज्या काळी परदेशी ग्रंथ ग्रंथालयात एकुलत्या प्रतीत असे, त्या काळी कंपायलर आतून कसा असतो हे अनेकांना या पुस्तकांतून कळलं. तरीही पाठ्यपुस्तकातला कंपायलर आणि खरा कंपायलर यांत फार अंतर होतं. परीक्षेसाठी शिकलेली व्याकरणाचे तक्ते भरण्याची रीत येत असली तरी जीसीसीची सोर्स डिरेक्टरी उघडल्यावर कुठून सुरुवात करावी हे कळत नसे. लाखो ओळी, वर्षानुवर्षं अनेक हातांनी लिहिलेल्या, आणि लागणाऱ्या कित्येक फाइल तर सोर्समध्ये नसतातच. कंपायलर बांधताना त्या तयार होतात.

हे अंतर केवळ आकारामुळे नव्हतं. ते काही अंशी जाणूनबुजून राखलेलं होतं, आणि माझ्या युक्तिवादाचा हा कणा आहे. जीसीसीचं मधलं रूप बाहेरच्या प्रोग्रामला सहज वाचता येऊ नये, असा स्टॉलमन यांचा आग्रह होता. त्यांची भीती अशी की मधलं रूप बाहेर काढण्याची सोय केली तर एखादी कंपनी जीसीसीचा पहिला अर्धा भाग फुकट वापरेल, पुढचा अर्धा स्वतःचा बंदिस्त जोडेल आणि परवान्यातली सोर्स देण्याची अट चुकवेल. स्वातंत्र्य जपण्यासाठी घेतलेली ही भूमिका होती आणि तिच्यामागची काळजी खरी होती. पण तिचा परिणाम असा झाला की प्रत्येकाला मोकळा असलेला हा कंपायलर अभ्यासकाला मात्र एकसंध भिंतीसारखा भासे. २००५ च्या ४.० आवृत्तीत गिंपल नावाचं स्वच्छ मधलं रूप आलं, तेव्हा आतल्यांसाठी परिस्थिती सुधारली. बाहेरून जोडता येणाऱ्या प्लगइनना मात्र २००९ मध्ये परवान्यातल्या अपवादाचे शब्द नव्याने बांधल्यानंतरच, २०१० च्या ४.५ आवृत्तीत, वाट मिळाली. म्हणजे तेवीस वर्षं जीसीसी कायद्याने पूर्ण खुला होता आणि व्यवहारात मूठभर जाणकारांचा होता.

याच काळात, २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पवईत जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं. मुक्त सॉफ्टवेअरसाठीच्या राष्ट्रीय साधन केंद्राच्या दुसऱ्या टप्प्यात केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने त्याला निधी दिला आणि उदय खेडकर यांनी ते चालवलं. तिथल्या कार्यशाळांचं नाव होतं ‘जीसीसीमधील मूलभूत संकल्पना’ या अर्थाचं, आणि त्या नावातच पद्धत होती: लाखो ओळींतून कोणत्या थोड्या कल्पना पकडल्या म्हणजे बाकीचं आपोआप जागेवर बसतं, ते आधी शोधायचं. सर्वांत उपयोगी कल्पना काळाची होती. जीसीसी वाचणारा गोंधळतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे तीन वेगवेगळे काळ मिसळलेले असतात. विकासक कोड लिहितो तो एक काळ. ठरावीक प्रोसेसरसाठी कंपायलर बांधला जातो, त्या प्रोसेसरच्या वर्णनावरून नव्या सी फाइल निर्माण होतात, तो दुसरा. आणि तयार कंपायलर कोणाचा तरी प्रोग्राम भाषांतरित करतो तो तिसरा. समोरची ओळ यांतल्या कोणत्या काळी जिवंत होते हे विचारायला शिकलं की अनेक कोडी सुटतात. सोर्समध्ये न सापडणारी फाइल मग हरवलेली वाटत नाही, ती दुसऱ्या काळात जन्मणारी असते.

दुसरी रीत होती कंपायलर न उघडता त्याला बोलतं करण्याची. जीसीसीला सांगितलं तर तो आपल्या प्रत्येक टप्प्यानंतर प्रोग्राम कसा दिसतो हे फाइलमध्ये उतरवून देतो. चार ओळींचा प्रोग्राम घ्यायचा, हे सगळे उतारे काढायचे आणि एका टप्प्यातून दुसऱ्यात काय बदललं ते ओळीने पाहायचं. संपूर्ण आंधळेपणा आणि संपूर्ण दर्शन यांच्या मधली ही वाट, आणि नवख्यासाठी हीच योग्य. तिसरी रीत प्रोसेसरच्या वर्णनाची. एखाद्या खऱ्या प्रोसेसरचं वर्णन हजारो ओळींचं असतं, ते वाचून कोणी शिकत नाही. पवईत एमआयपीएस प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या स्पिम या प्रोग्रामसाठी वर्णन पायरीपायरीने लिहिलं गेलं. पहिल्या पायरीला जेमतेम रिकामं फंक्शन भाषांतरित होईल एवढंच. मग नेमणूक, मग अंकगणित, मग फंक्शनला हाक मारणं, अटी आणि फेरे. प्रत्येक पायरीवर चालणारा कंपायलर हातात असे आणि पुढच्या पायरीला काय कमी आहे हे तो कंपायलरच सांगे. यांच्या जोडीला जीडीएफए हे साधन आलं. प्रोग्रामच्या एका ओळीचा परिणाम काय आणि माहिती कोणत्या दिशेने वाहते एवढं त्याला सांगायचं, बाकीचं विश्लेषण ते जीसीसीच्या आत राहून करी. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांनी लिहिलेला डेटा फ्लो विश्लेषणावरचा ग्रंथ २००९ मध्ये सीआरसी प्रेसने काढला. त्याच्या शेवटच्या भागात सिद्धांत थेट जीसीसीत उतरवून दाखवला आहे. गणिती सिद्धांताचा ग्रंथ एका विशिष्ट मुक्त साधनापर्यंत वाचकाला हाताला धरून नेतो, हे मी तरी विरळ समजतो.

हे सारं शिकवणं झालं, घडवणं नव्हे. आणि जीसीसीची अंतर्रचना सांगणारी अधिकृत पुस्तिका आधीपासून होतीच की, असा आक्षेप इथे येईल. पुस्तिका होती, आणि ती उत्तम आहे. पण ती जाणत्याला आठवण करून देण्यासाठी लिहिलेली आहे. प्रत्येक सोयीचं, प्रत्येक चिन्हाचं वर्णन तिच्यात आहे. कोणतं आधी वाचावं आणि का, हे नाही. कोड लिहिणारा ज्या क्रमाने विचार करतो तो क्रम कोडमध्ये उरत नाही, आणि नेमका तोच क्रम नव्या माणसाला हवा असतो. तो पुन्हा रचून देणारा स्वतः त्या साधनाचा नवा नकाशा निर्माण करत असतो. शिवाय पायरीपायरीचं प्रोसेसर-वर्णन, जीडीएफए, हे निव्वळ व्याख्यान नव्हतं. ती चालणारी साधनं होती. घडवणं आणि शिकवणं यांच्यात ओढलेली रेघ इथे टिकत नाही.

याहून कठीण आक्षेप एलएलव्हीएम या दुसऱ्या मुक्त कंपायलर-संचाचा आहे. पवईत जीसीसीवर मेहनत चालू असताना जग दुसरीकडे निघालं होतं. क्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांनी २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू केलेलं एलएलव्हीएम २००३ मध्ये खुलं झालं. २००५ मध्ये लॅटनर ॲपलमध्ये गेले, २००७ मध्ये त्यावरचा क्लँग हा सी भाषेचा कंपायलर खुला झाला आणि २०१२ मध्ये अडवे, लॅटनर आणि इव्हान चेंग यांना एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. संशोधक मोठ्या संख्येने तिकडे वळले. मग जीसीसी उलगडण्यात घालवलेली वर्षं वाया गेली का? मला उलट दिसतं. एलएलव्हीएमने जिंकलं ते आरंभापासून सुट्यासुट्या, वाचनीय लायब्ररींची आपली रचना ठेवून. मधलं रूप त्याने लपवलं नाही, माणसाला वाचता येईल अशा मजकुराच्या रूपात समोर ठेवलं. म्हणजे जो अडथळा पवईत कार्यशाळा घेऊन पार करावा लागत होता, तो तिथे रचनेतच काढून टाकला होता. समजणं हे साधनाच्या शक्तीचं अंग आहे, या म्हणण्याला याहून मोठा पुरावा कोणता? विक्रम अडवे १९८७ मध्ये पवईच्या आयआयटीतूनच विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन गेले होते, हेही इथे सांगायला हवं. त्यावरून एलएलव्हीएमचं श्रेय पवईला देणं चुकीचं ठरेल. ते काम इलिनॉयचं आहे. आणि पवईत जे शिकवलं गेलं त्यातलं केवळ जीसीसीपुरतं असं थोडंच होतं. माहितीच्या प्रवाहाचं विश्लेषण, मधल्या रूपांची उतरंड, तीन काळांचा भेद, हे कोणत्याही कंपायलरला लागू पडतं. तिथले विद्यार्थी पुढे जावासाठीच्या आणि एलएलव्हीएमच्या साधनांवर त्याच सिद्धांताने काम करत राहिले.

आता जिथे आपण कमी पडलो त्याकडे. पुण्यातल्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने छोट्या, यंत्रांच्या आत बसणाऱ्या प्रोसेसरांसाठी जीसीसी आणि त्याची जोडसाधनं तयार करून दिली. रेनेसास कंपनीच्या मायक्रोकंट्रोलरसाठी त्यांनी बांधलेले संच बराच काळ विनामूल्य मिळत. त्यापलीकडे जाऊन नॅशनल सेमीकंडक्टरच्या सीआर१६ या प्रोसेसरचं समर्थन त्यांच्या अभियंत्यांनी मूळ जीसीसीला दिलं, आणि ते २०१२ च्या ४.७ आवृत्तीत अधिकृतपणे दाखल झालं. त्याच्या फाइलच्या माथ्यावर योगदान म्हणून पुण्याच्या त्या कंपनीचं नाव होतं. मूळ प्रकल्पात नवा प्रोसेसर स्वीकारला जाणं सोपं नसतं. शेकडो चाचण्या आणि जाणत्यांची कठोर तपासणी पार करावी लागते. हे महाराष्ट्रातून झालं. पण २०२१ च्या ११ व्या आवृत्तीत सीआर१६ कालबाह्य ठरवला गेला आणि पुढे तो काढून टाकला जाईल असं जाहीर झालं. प्रोसेसर बाजारातून मागे पडला होता हे एक कारण. दुसरं कारण या व्यवसायाच्या स्वरूपात आहे. कंपायलरचा गाभा दरवर्षी बदलतो आणि प्रत्येक प्रोसेसरच्या वर्णनाला त्या बदलांबरोबर चालावं लागतं. ते चालवायला माणूस लागतो, वर्षानुवर्षं. ग्राहकाचं काम संपलं, अभियंता दुसऱ्या प्रकल्पावर गेला, की वर्णन जागच्या जागी जुनं होतं. पवईच्या केंद्राचीही गोष्ट काहीशी याच वळणाची. ठरावीक मुदतीच्या सरकारी निधीवर उभं राहिलेलं काम निधीच्या मुदतीबरोबर मंदावतं. कल्पना दिली, समजावून सांगितलं, एकदा बांधूनही दिलं. सांभाळण्याची व्यवस्था मात्र आपण उभी केली नाही.

सांभाळण्यासाठी माणसं कुठून येणार, हा प्रश्न पुण्या-मुंबईपुरता ठेवण्याचं कारण नाही. वाशीसारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलाला कंपायलरशी काय देणंघेणं, असं म्हणणारे भेटतात. कंपायलरवर काम करायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. साधा संगणक, सोर्स उतरवून घेण्यापुरतं इंटरनेट आणि पुष्कळ चिकाटी लागते. शिकण्याची पहिली पायरी तर मराठीतही बांधली गेली आहे. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली पवईच्याच आयआयटीत सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी++ चे पाठ मराठी आवाजात आहेत, आणि त्यांत प्रोग्राम भाषांतरित करायला जीसीसीच वापरलेला आहे. त्या पाठांपासून कंपायलर आतून वाचण्यापर्यंतचा पुढचा टप्पा माझ्या माहितीप्रमाणे मराठीत अजून कोणी बांधलेला नाही. पवईची तीन काळांची मांडणी आणि पायरीपायरीचं वर्णन ही त्यासाठी तयार सामग्री आहे. साधनंही भाषेच्या दृष्टीने पुढे सरकली आहेत: २०२० च्या १० व्या आवृत्तीपासून जीसीसीत देवनागरीत लिहिलेली चलांची नावं थेट चालतात. क्लँगमध्ये ती सोय त्याआधीपासून होती.

प्रत्यक्ष योगदानाच्या दारातला एक जुना अडसरही दूर झाला आहे. जीसीसीत नोंद घेण्याजोगा बदल द्यायचा तर त्याचे हक्क अमेरिकेतल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे लिहून द्यावे लागत, आणि नोकरीत असलेल्याला मालकाचंही संमतिपत्र जोडावं लागे. कंपनीच्या कायदा विभागाकडून असं पत्र मिळवणं पुण्यातल्या अभियंत्यालाही जड जाई. जिल्ह्याच्या महाविद्यालयातल्या शिक्षकाने ते कोणाकडे मागावं हेच स्पष्ट नव्हतं. जून २०२१ मध्ये जीसीसीच्या सुकाणू समितीने ही सक्ती उठवली. आता बदल स्वतःचा आहे आणि तो देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असं सांगणारी स्वाक्षरीची एक ओळ पॅचखाली जोडली की पुरते. सोर्सबरोबर असलेल्या सांभाळणाऱ्यांच्या यादीत कोणता प्रोसेसर, कोणती भाषा, कोणता भाग कोणाकडे आहे हे लिहिलेलं असतं, आणि ज्यांचे बदल पुरेशा वेळा स्वीकारले गेले त्यांची नावं एका वेगळ्या विभागात येतात. त्या विभागात नाव यायला पदवी विचारली जात नाही आणि गावही विचारलं जात नाही. आधी चुकांच्या यादीतली एखादी लहान नोंद घ्यायची, ती आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून दाखवायची, कारण शोधायचं आणि चाचणीसह दुरुस्ती पाठवायची. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला एवढं काम पुरेसं आहे, आणि विद्यापीठाने ते प्रकल्प म्हणून मान्य करायला अभ्यासक्रम बदलावा लागत नाही.